प्रयोगशाळेतले ३४ टक्के आणि गच्चीवरचे चार युनिट

मळभ (धागाकर्ता)

मंडळी, ‘पेरोव्हस्काइट येतंय, दोन-तीन वर्षं थांबा, मग निम्म्या जागेत दुप्पट वीज’ हा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. (पेरोव्हस्काइट म्हणजे सोलर सेलसाठीचा एक नवा पदार्थ, आजची पॅनेल सिलिकॉनची असतात.) आमच्या नात्यागोत्यातली काही घरं सोलरचं कोटेशन हातात घेऊन त्यापायी थांबली आहेत. मी पॅनेल तपासण्याच्या कामात आहे, विकण्याच्या नाही. त्यामुळे कुणाला गिऱ्हाईक करायचं नाहीये, पण या थांबण्यात काही अर्थ आहे का ते एकदा बोलू.

आधी त्या सल्ल्यामागचे ३४ टक्के, म्हणजे कार्यक्षमता: पडलेल्या प्रकाशातल्या किती भागाची वीज होते ते. सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल (असे अनेक सेल जोडून पॅनेल होतं) १९५४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये झाला, त्याची कार्यक्षमता होती साधारण ६ टक्के. आज बाजारातलं बरं पॅनेल २१ ते २३ टक्के देतं आणि प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सेल २७च्या पुढे गेलाय. तिथून पुढे भिंत आहे. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक कमाल मर्यादा २९.४ टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे: लाल रंगाच्या बरंच पलीकडचं अवरक्त सिलिकॉनला पकडताच येत नाही, ते आरपार जातं. निळ्या-जांभळ्या प्रकाशातली ऊर्जा गरजेपेक्षा जास्त, ती उरलेली उष्णता होऊन वाया जाते.

यावरचा तोडगा म्हणजे टँडेम. सिलिकॉनच्या डोक्यावर पेरोव्हस्काइटचा पातळ थर बसवायचा. वरचा थर निळा-हिरवा भाग खातो, लाल-अवरक्त खाली सिलिकॉनसाठी सोडतो. जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये पेरोव्हस्काइटचा पहिला सेल दाखवला तेव्हा तो जेमतेम ३.८ टक्क्यांचा होता. २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने टँडेममध्ये ३४.६ टक्के गाठले. पंधरा वर्षांत एवढी उडी या क्षेत्रात दुसऱ्या कुठल्याच पदार्थाने मारलेली नाही, हे मान्यच.

पण असले विक्रमी सेल बहुतेक वेळा नखाएवढे असतात, एक चौरस सेंटिमीटरच्या घरातले. आणि पेरोव्हस्काइटचे शत्रू कोण? ओल, उष्णता आणि खुद्द ऊन! ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये टँडेम पॅनेलची पहिली व्यापारी खेप अमेरिकेला पाठवली, त्या पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के. म्हणजे नखावरचे ३४ पूर्ण पॅनेलवर येईतो २४ होतात. सिलिकॉनचं पॅनेल २५-३० वर्षांच्या हमीवर विकलं जातं. तेवढी वर्षं आपल्या उन्हापावसात काढलेलं टँडेम आज जगात कुठेच नाही, कारण त्याचं वयच तेवढं नाही.

---

संत्राबर्फी

मस्त धागा. पण मळभभाऊ, आमच्या नागपुरात प्रश्न वेगळाच आहे. मे महिन्यात ऊन इतकं की डोळे उघडवत नाहीत, अन् सोलर एप्रिल-मेपेक्षा फेब्रुवारी-मार्चच्या चांगल्या दिवशी जास्त तडफेने चालतं. शेजारचे काका म्हणतात मीटरच खराब आहे. मी त्यांना सांगून थकलो की पॅनेलला ऊन पाहिजे, ताप नको.

---

मळभ

काकांना हा हिशेब दाखवा. पॅनेलवर छापलेले वॅट हे १,००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. हवेचं नव्हे, सेलचं! नागपूरच्या मेमध्ये गच्चीवर सेल सहज ६५ अंशांवर जातो, म्हणजे ४० अंश जास्त. आता डेटाशीटवर ‘पीमॅक्सचा तापमान गुणांक’ (एका अंशामागे कमाल वीज किती घटते) नावाची ओळ शोधा, जी कुणीच वाचत नाही. मोनो पर्क या सिलिकॉन पॅनेलच्या प्रकाराला ती उणे ०.३५ टक्के प्रति अंश असते. चाळीस गुणिले ०.३५, झाले १४ टक्के. ५४० वॅटचं पॅनेल भर दुपारी ४६५च्या आसपास येतं आणि त्यात मीटरचा काही दोष नाही.

टॉपकॉन आणि हेटरोजंक्शन हे सिलिकॉनचेच नवे प्रकार. टॉपकॉनला हाच आकडा ०.३०च्या आसपास, हेटरोजंक्शनला ०.२५. म्हणजे तोटा १२ आणि १० टक्के. विदर्भ-मराठवाड्यात पॅनेल निवडताना मी कार्यक्षमतेच्या आधी ही ओळ बघेन. कार्यक्षमता जास्त म्हणजे फक्त जागा कमी लागते. ५४० वॅट ते ५४० वॅटच.

आणि पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळला की सेल काही अंशांनी गार राहतो, फुकटात.

---

रेवती_के

आमच्या सोसायटीत (पुणे, सात मजली, तीन इमारती) हाच विषय चालू आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला एकूण ७८,०००, असं वेगळं. कमिटीत तीन मतं पडली आहेत. एक गट म्हणतो लगेच, एक म्हणतो पेरोव्हस्काइट (हो, आमच्याकडेही!), आणि उरलेल्यांना गच्चीवर पापड-कुरडया कुठे वाळवायच्या याची चिंता आहे.

माझा खरा प्रश्न सावलीचा. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली आहे. इन्स्टॉलर म्हणतो, ‘मॅडम, एवढ्याशा सावलीने काही होत नाही.’ होतं का?

---

जुना_लाईनमन

होतं ताई, चांगलंच होतं. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. अरुंद बोळातून बैलगाड्यांची रांग चाललीय आणि मधली एक अडली, तर मागच्या सगळ्या उभ्या, तसं. एका सेलवर सावली पडली की सगळ्या रांगेचा करंट त्याच्यामुळे अडतो. वर तो सेल वीज द्यायच्या ऐवजी खायला लागतो आणि तापतो. म्हणून मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला तिसरा हिस्सा वगळून बाकीच्यांना वाट देतात. पॅनेल वाचतं, पण तेवढी वीज गेली ती गेली.

दुसरं, आधीच सांगून ठेवतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि नंतर भांडणं होतात. साधं ऑनग्रिड सोलर, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की बंद पडतं. भर उन्हात! ‘वर एवढी वीज तयार होतेय आणि आम्ही अंधारात का’ असं विचारणारे शेकड्याने भेटतात. कारण एवढंच की खांबावर माझ्यासारखा कुणीतरी लाईन बंद आहे समजून हात घालतो. त्या वेळी तुमच्या गच्चीवरून उलटी वीज आली तर तो मेला. म्हणून इन्व्हर्टरला (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारी पेटी) लाईनचा ताल दिसेनासा झाला की तो लगेच बंद होतो, आणि तसाच असायला हवा. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, खर्च वाढेल. लिफ्टसाठी सोसायटीत जनरेटर असेलच, तो राहू दे.

---

मळभ

लाईनमन काकांनी सांगितलं त्याला एक जोड. हल्लीची पॅनेल ‘हाफ कट’ असतात. सेल मधोमध कापलेले आणि वरचा अर्धा-खालचा अर्धा भाग समांतर जोडलेला. त्यामुळे उभ्या मांडलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेला सकाळी सावली आली तर खालचा अर्धा भाग जातो, वरचा चालू राहतो. तेच पॅनेल आडवं मांडलं तर ती सावली दोन्ही अर्ध्यांना थोडी थोडी लागते. म्हणजे पॅनेल उभं की आडवं, हे सावली बघून ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी ते अँगलचे तुकडे कसे पुरतात त्यावर ठरतं!

रेवतीताई, इन्स्टॉलरला २१ डिसेंबरचा हिशेब मागा. त्या दिवशी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला १.८ मीटर पडते. हे दुपारी बाराचं. सकाळी नऊला ती कितीतरी लांब आणि वायव्येकडे. म्हणून टाकीच्या उत्तरेची जागा सोडा, दक्षिणेची बिनधास्त वापरा. उन्हाळ्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो (पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यात येतो), पण तेव्हा दुपारची सावली वीतभरच असते. त्या दिवसांत सूर्य ईशान्येला उगवतो, तेव्हा सकाळसाठी त्या बाजूला शेजारची उंच इमारत आहे का तेवढं बघा.

---

माणदेशी_गडी

आमी आटपाडीकडचं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतनं पाच एचपीचा पंप बसवलाय, धा टक्के आपलं, बाकी सरकारचं. वर ४८०० वॅटची पॅनेलं. पयला फायदा सांगतो. रातची लाईट असायची तवा डाळिंबाला पानी द्यायला बॅटरी घिऊन जायला लागायचं, साप किरडू काय कमी हाय का. आता दिवसा चालतंय, झोप मिळती.

पण एक कोडं हाय. सकाळी सातला ऊन पडलंय, पंप फिरतोय, आवाज येतोय, पर पानी येत न्हाय. नवाला एकदम सुरू. बोअर साडेतीनशे फूट हाय. कंपनीचा पोऱ्या म्हनतो ऊन वाढू द्या. आरं पर फिरतोय तर थोडं तरी येयाला पायजे का न्हाय?

---

मळभ

दादा, लाख मोलाचा प्रश्न विचारलात. पोराचं बरोबर आहे, पण कारण त्याने सांगायला हवं होतं.

ऊन कमी असलं की कंट्रोलर मोटर बंद न करता हळू फिरवतो. पंपाचं गणित असं: वेग निम्मा झाला तर पाणी चढवायची उंची निम्मी नाही, पाव होते. उंची वेगाच्या वर्गात बदलते. समजा पूर्ण वेगात पंप ४०० फूट चढवू शकतो. ९० टक्के वेगाला ते ३२४ फूट. तुमचं पाणी साडेतीनशे फुटांवरून यायचं असेल तर तिथे पंप नुसता पाणी घुसळतो, नळीत ते अर्ध्यातच थांबतं. वेग थोडा आणखी वाढला की धार सुरू. म्हणून तुम्हाला नऊला ‘एकदम’ वाटतं. उथळ विहिरीवरचा पंप मात्र सकाळीही थोडं थोडं देतो.

याला उपाय दोन. पंप घेतानाच खोलीला साजेसा, जास्त टप्प्यांचा घ्यायचा. किंवा पाणी येईल तेव्हा शेततळ्यात, टाकीत साठवून ठिबकला तिथून द्यायचं. बॅटरीपेक्षा टाकी स्वस्त आणि ती जास्त वर्षं टिकते.

---

ऱ्हाइनकाठ

वाचतोय, मजा येतेय. मी कोलोनजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इकडे ‘बाल्कनी सोलर’ची लाट आहे. दोन-चार पॅनेल कठड्याला अडकवायची, छोटा इन्व्हर्टर, आणि प्लग सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मे २०२४ पासून इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॅट झाली आणि नोंदणीही सोपी केली. घरमालकाच्या परवानगीची कटकटही कायद्याने कमी केली. इथे किलोवॅटमागे वर्षाला १,००० युनिट मिळाले तरी लोक खूश. आईबाबांकडे सांगलीत तेवढ्यातच १,४००-१,५०० मिळतात हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. पुण्यामुंबईच्या फ्लॅटवाल्यांना असं का करता येत नाही?

---

जुना_लाईनमन

साहेब, तुमच्याकडच्या घरातली वायरिंग आणि आमच्याकडच्या जुन्या चाळीतली वायरिंग यांत फरक आहे. सॉकेटमधून उलटी वीज सोडायची तर अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) धड पाहिजे. इथे निम्म्या घरांत तिसऱ्या पिनच्या मागे वायरच नसते. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी मोजणारा) आणि मंजुरीशिवाय उलटी वीज सोडायची नाही, हा नियम काही उगीच नाही. आणि साध्या डिजिटल मीटरात उलटी गेलेली वीज काही वेळा वापर म्हणूनच मोजली जाते. म्हणजे वीजही द्या आणि बिलही भरा.

---

जांभाचिरा

आमच्या राजापुरात वरील सगळे प्रश्न कमी आणि आमचे स्वतःचे भरपूर. १) खारी हवा. २) वानरं. ३) जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन नाही.

पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते, ती टिकते. सडतात ते खालचे अँगल आणि नटबोल्ट. रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत फुगतं. हॉट डिप गॅल्व्हनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) अँगल आणि स्टेनलेसचे बोल्ट, त्यात तडजोड नाही. एका इन्स्टॉलरने जागेवरच भोकं पाडली, भोकाच्या कडेचं जस्त गेलं आणि गंज नेमका तिथूनच सुरू झाला. भोकं आधी, मग गॅल्व्हनाइझ. निसर्ग वादळ (जून २०२०) रायगडात शिरलं तेव्हा इकडेही लोकांचे डोळे उघडले. पॅनेल वाऱ्यासाठी शिडासारखं काम करतं हे तोवर कुणाच्या डोक्यात नव्हतं.

दुसरं अर्थिंग. जांभ्यात ते लागता लागत नाही. खाली कातळ, उन्हाळ्यात कोरडाठाक. मीटर लावून रोध मोजून घ्या, नुसती पट्टी पुरलेली बघून सही करू नका. वीज पडायचं प्रमाण आमच्याकडे मेच्या वळिवात आणि परतीच्या पावसात काय असतं ते सांगायला नको.

वानरांवर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. काच फोडत नाहीत, पण पाच-सहा जण एका पॅनेलवर बसून उन्हं खातात.

---

मळभ

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही, पण त्यांच्या वजनाबद्दल मात्र सांगतो, कारण तेच माणसांनाही लागू आहे. काच फुटली नाही म्हणजे पॅनेल शाबूत, असं नसतं. सेल कागदापेक्षा जरा जाड, १५० मायक्रॉनच्या आसपास. वरून कुणी चाललं की त्याला केसाएवढे तडे जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. आम्ही अंधारात पॅनेलमध्ये बाहेरून करंट सोडतो. सेल अवरक्तात मंद उजळतात, विशेष कॅमेऱ्याने फोटो काढला की चांगला सेल एकसारखा उजळ दिसतो आणि तडकलेल्या सेलमध्ये काळ्या फांद्या फुटलेल्या दिसतात. बसवणाऱ्यांच्या बुटांच्या वाटा त्यात ओळखू येतात. पॅनेलवर चढून धुणारे, दोन पॅनेलांच्या चौकटीवर गुडघा टेकून बोल्ट आवळणारे, सगळे तिथे सापडतात.

या धाग्याचं मूळ माझ्यासाठी इथेच आहे. विक्रमांच्या बातम्या छापून येतात, टिकाऊपणावरचं संशोधन कुणी वाचत नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून एनसीपीआरई हे सौर विजेच्या संशोधनाचं केंद्र आहे. त्यांनी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर २०१३, १४, १६, १८ असं देशभर फिरून बसवलेल्या पॅनेलांची तपासणी केली. लडाखच्या थंडीपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत. निष्कर्ष दोन. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर उतरतात. आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, गच्चीवरच्या जोडण्यांचा ऱ्हास जास्त. पहिल्याला आपण काही करू शकत नाही. दुसऱ्यात निवड, हाताळणी आणि बसवणं यांचा मोठा हात, आणि ते सगळं आपल्या पैशांनी आपल्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं.

याच आयआयटीत पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडेमवरही उत्तम काम चालू आहे, ते विसरू नका. मी त्या संशोधनाच्या विरोधात मुळीच नाही. प्रमाणपत्राच्या चाचणीत पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवतात. सिलिकॉनची पॅनेल हे वर्षानुवर्षं पार करत आलीत. टँडेमवाले आता त्या दाराशी उभे आहेत. आत आले की मीच पहिला टाळ्या वाजवीन.

---

संत्राबर्फी

म्हणजे थांबायचं की नाही ते एका वाक्यात सांगा ना भाऊ!

---

मळभ

नाही. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, म्हणजे तीन किलोवॅट घरावर सरासरी १२ युनिट धरा, महिन्याला साडेतीनशे. तीन वर्षं थांबलात तर तेवढ्या महिन्यांची बिलं भरा, आणि अनुदान तेव्हा असेलच याची खात्री कुणी दिलीय? ज्यांच्याकडे जागाच नाही, म्हणजे समजा दोन पॅनेलांपुरती गच्ची, त्यांना जास्त कार्यक्षमतेचा खरा उपयोग. पण अनुदानासाठी सेलही देशात बनलेले लागतात, तेव्हा परदेशी टँडेम आलं तरी तुमच्या गच्चीवर अनुदानासह यायला आणखी वेळ.

---

रेवती_के

कमिटीत हा हिशेब मांडते. धुण्याचं सांगा. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, वॉचमन दादा रोज दुपारी पाइप मारायला तयार आहेत.

---

जांभाचिरा

बोअरच्या पाण्याने रोज? वर्षभरात काचेवर क्षारांची पांढरी साय धरेल, ती ब्रशनेही निघत नाही. दुपारी तर नकोच, तापलेल्या काचेवर गार पाणी. सकाळी लवकर, नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने, मऊ फडक्याने. खालच्या चौकटीशी माती साचते ती आधी काढा, सगळ्यात खालच्या ओळीचे सेल तिथेच झाकले जातात. आणि कबुतरांचा बंदोबस्त करा. एक वाळलेली विष्ठा म्हणजे काकांनी सांगितलेली अडलेली बैलगाडी.

---

माणदेशी_गडी

मळभभाऊ, टाकीचं पटलं, शेततळ्याचा अर्ज टाकतो. अजून एक. पावसाळ्यात आन बहारासाठी बागेला पानी तोडून ताण दिल्यावर पंप म्हैनाम्हैना बंद असतो. पॅनेलं नुसती ऊन खात बसत्यात. त्याच्यावर पिठाची गिरण न्हायतर कडबाकुट्टी चालवता येईल का?

---

मळभ

येते. त्यासाठी ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ नावाचा प्रकार असतो, केंद्राच्या नियमावलीतही आहे. त्यात पंपाशिवाय गिरणी, कडबाकुट्टी, शीतपेटी असे भार जोडायची सोय असते. पंपाचा साधा कंट्रोलर गिरणीला चालत नाही. पंप हळू फिरला तरी त्याचं काही बिघडत नाही. गिरणीच्या मोटरला मात्र दाणे आत असताना सुरुवातीपासून जोर लागतो, आणि मध्येच ढग आला की ती अडकून बसते. म्हणून दाणे ढग नसताना टाकायचे, ही सवय लावावी लागते.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१६च्या सुमारास सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. विकून पैसे मिळतात म्हटल्यावर फुकटचं पाणी उगाच उपसायचा मोहही कमी होतो. आटपाडीसारख्या भागात हे महत्त्वाचं, कारण दिवसभर फुकट चालणारा पंप बोअर कोरडी करायलाही तेवढाच समर्थ आहे. पण त्याला पंपापर्यंत ग्रिडची लाईन लागते आणि योजनेचा प्रकारही वेगळा, तुमच्या जोडणीत ते बसणार नाही.

कंट्रोलर बदलण्याआधी मात्र पुरवठादाराकडून लेखी घ्या. पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. गावातल्या मेकॅनिकने पेटी उघडली की ती हमी गेली समजा.